नऊ नंबरचं घर

कॉलेजात आता प्रयोग पडद्यावर होतात.
संगणकातल्या बेडकाचं काळीज उडतं
आणि पोरं वहीत आलेख उतरवून घेतात.
जनावरघराला कुलूप लागलं, उरला एक गिनीपिग.
सरांनी कागदावर सही केली, म्हणाले,
बोरकुटे, घेऊन जा.

एसटीत तो माझ्या डब्याच्या पिशवीत होता.
कंडक्टर वाकला. "ससा होय का उंदीर?"
दोन्ही नाही, म्हटलं.
"मंग तिकीट कायचं फाडू?"

पिंजरा मी केला.
वरुडकडच्या संत्र्याच्या दोन पेट्या,
गळक्या कूलरची जाळी, खाली गव्हाचं कुटार.
बावीस वर्षं पिंजरे धुतलेत, माप हाताला पाठ:
बूड जरा उतरतं, कडी बाहेरून,
आणि समोर, सवयीनं,
नंबरच्या पाटीसाठी दोन खिळे.

आचल पाहून गेली. परत आली.
"बाबा, याले खिडकी कुठं हाय?"
चारी बाजूंनी जाळीच आहे बेटा, सगळी खिडकीच.
"मंग लावाची कोणती?"

हे मला तिथं कोणी विचारलं नव्हतं.

मग तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलाची झूल
दारावर पडदा झाली.
बैल उघडाच राहिला फळीवर.
आईच्या ब्लाउजच्या चिंध्यांची झालर.
पेटीवरचं संत्र्याचं चित्र मी खरवडायला घेतलं
तर हात धरला तिनं.
"घरात फोटो पाह्यजे नं एखादा."
इंदूबाई ढोरे कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,
आमच्या भितींले रंग नाही, आन् याले झालर!
दुसऱ्या दिवशी त्याच
तुटक्या तोरणाचे मणी फडक्यात बांधून
ओट्यावर ठेवून गेल्या.

तीन दिवस तो एका कोपऱ्यात बसला,
स्टीलच्या पिंजऱ्यात बसायचा त्याच, डाव्या.
चौथ्या रात्री त्यानं झालर खाल्ली.
"आवडली त्याले!" पोट्टी गल्लीभर सांगत सुटली.

त्याच्या पाठीवर पिवळा डाग आहे,
ओळखीसाठी लावतात तो, धुऊन जात नाही.
माझ्याच हातचा.
"हळद लागली होती काय याची?"
मी हो म्हणालो.
"कोणासंगं?"
मी कुटार बदलायला घेतलं.

रंगावरून नाव पडलं तर्री.
वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून
तिनं पाटी माझ्या दोन खिळ्यांवर टांगली:
तर्री बोरकुटे.
आवाज देऊनच हात घालावा.

तेव्हापासून सकाळी कोथिंबिरीच्या काड्या घेऊन
मी आधी थांबतो, पडद्याबाहेर,
पाहुणा थांबतो तसा.
तोंडातून अजून "नऊ" निघतं.
तो त्यालाही शिटी देतो.