दहाच्या पटीत

जिनिंगच्या फाटकाशी माझा धर्मकाटा.
बावीस वर्षं गाड्या तोलतो:
भरलेली वजा रिकामी, पावतीवर शिक्का, पुढची येऊ द्या.
एका रात्री, शेवटचा मेटाडोर गेल्यावर,
इकडेतिकडे पाहून मीच चढलो पत्र्यावर
आणि चौकीदार सीतकुराला म्हटलं, वाच.
"शंभर," तो आतून ओरडला. "पण भाऊ, हा काटा दहा-दहानंच बोलते.
शंभर म्हंजे पंच्याण्णवबी असन, एकशेचारबी."

त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात बोट टोचून घेतलं.
साखर निघाली. आकडा लाल पेनानं,
खाली बाण: खोली क्रमांक सात.

सातमध्ये प्रणोती मडावी.
कंत्राटी आहारतज्ज्ञ, महिन्याचा दुसरा मंगळवार,
स्वतःचं स्टीलचं ताट पिशवीत घालून येणारी.
ताटावर तिनं खडूनं रेघ ओढली, मग अजून एक.
"हे अर्धं भाजीचं. मेथी, अंबाडी, चिवळ, जे निघन ते.
ह्या कोपऱ्यात डाळ. उरला तो भाताचा."
मी त्या उरलेल्याकडे पाहत राहिलो
मोजणीनंतर धुरा सरकलेल्या माणसासारखा.
"भात सोडा म्हंता का, मॅडम?"
"सोडा कुठं म्हटलं? एवढ्यात बसवा म्हटलं."

वजनाचं सांगितलं, दहाच्या पटीचं. ती हसली नाही.
खणातून सुतळी काढली, बेंबीवरून फिरवली,
टोकं भेटली तिथं गाठ.
"हा तुमचा काटा. घरी खिळ्याले टांगा."

चालायचं मात्र नगराळेसरांनी शिकवलं,
आणि तेही मला नाही.
पहाटे पाचला शाळेच्या मैदानावर ते
भरतीच्या पोरींना सोळाशे मीटर पळवत;
एसआरपीतून निवृत्त, गुडघा गेलेला,
पाण्याच्या टाकीखाली खुर्ची, हातात घड्याळ.
पहिल्या दिवशी मी स्वेटर, मफलर, वरून शाल असा पोहोचलो.
सर म्हणाले, "काहून, लग्नाले चालले का?"
पोरींनी दोनदा मागं टाकलं. तिसऱ्यांदा
मोनाली झाडे जाता जाता म्हणाली,
"काका, श्वास नाकानं घ्या, बोलू नका."
मी बोलत नव्हतो. तो आवाज छातीतला होता.

डिसेंबर. कापसाच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत.
बिनसाखरेचा चहा, आठ दिवस औषधासारखा,
मग नुसता चहासारखा.
बायकोनं जवसाची चटणी कांडली,
तेलाची बरणी वरच्या फळीवर गेली.
त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही.
सुतळीची टोकं एकमेकांवर चढू लागली,
बोटभर, मग दोन बोटं.
धर्मकाट्यावर मी अजूनही शंभरच.

मार्चात प्रणोती मॅडम स्टँडवर दिसल्या.
हातात आलुबोंडा, खालचा कागद तेलानं आरपार दिसणारा.
मी वळणारच होतो; दुसऱ्याचं असं काही पाहू नये.
त्यांनीच हाक मारली.
"कंत्राट संपलं, दिवाकरभाऊ. आरमोरीले चालली, घरी.
सकाळपासून पोटात काही नाही."
बोंडा मोडला, मोठा तुकडा माझ्याकडे.
गरम होता. मी घेतला.
त्या दिवशी कुणी रेघ ओढली नाही.
गाडी आली, पायरी चढताना त्यांच्या पिशवीत ताट खणकलं.

मग ऑटो केला नाही. साडेतीन किलोमीटर,
तोंड मिटून.

सातला आता कुलूप आहे.
मोनालीचं सहा सेकंदांनी राहिलं; ती रोज येते,
सर तिच्याही आधी खुर्ची मांडून बसलेले.
परवा खिळ्यावर सुतळी नव्हती.
सापडली स्वयंपाकघरात, चिवळीच्या जुडीला,
गाठीसकट.
"मले वाटलं, तुमचं झालं," बायको म्हणाली.
मी जुडी सोडली, सुतळी खिशात घातली,
आणि सूप घेऊन बसलो.
चिवळ निवडायला फार वेळ लागतो.