आठवं झाकण

उपळेकर आले ते फडक्यात काहीतरी बांधून,
अंगारा आणावा तसं दोन्ही हातांत.
भोसरीला टूलरूममध्ये होते म्हणे, तेहतीस वर्षं.
मी कुल्हड मोजत होते. तीन हजारांची ऑर्डर,
तंदूर चहावाल्याची. टेम्पो यायचा होता.

फडकं सुटलं. मुठीएवढी किटली,
वाळलेल्या आमसुलाच्या रंगाची, ना झिलई ना नक्षी.
कंपनीनं मशिन बघायला चीनला पाठवलं तेव्हा
तिथल्या फिटरनं निरोपाला दिलेली.
दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता,
मायक्रोमीटर तेवढा कळत होता.

झाकण फुटलं होतं. कोणी फोडलं, विचारलं नाही मी.
कुंभारानं ते विचारू नये,
त्याच्यावरच आमचं पोट.

बोट आत घातलं. वळी नाहीत.
म्हणजे चाकावरची नव्हे ही.
माती पोळीसारखी चोपून, कडेला कड जोडून,
बाहेरून थोपटत थोपटत गोल आणलेली.
सासऱ्यांची थापी मी भिंतीपलीकडून ओळखायचे,
तसा मला तो हात ओळखू आला:
उजवा, जरा अधीर,
नळीपाशी येताना हळू झालेला.

"साबण लावायचा नाही," उपळेकर म्हणाले,
"आणि चहा एकच. सतरा वर्षं एकच.
ती पीत जाते हो. आता नुसतं गरम पाणी ओतलं
तरी वास देते."
मी माझ्या कुल्हडांकडे बघितलं.
पाच मिनिटं. दोन घोट, मग ड्रम.
त्यांना काय आठवणार, आणि कुणाचं.

त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला.
मी हसले. माती म्हणजे लोखंड नाही, म्हटलं,
वाळताना आकसते, भट्टीत पुन्हा आकसते,
आणि किती, ते त्या दिवशीच्या हवेला विचारावं लागतं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं: हवा.

पहिलं झाकण आत पडलं.
दुसरं थोरल्या भावाची टोपी.
तिसरं तडकलं. चौथं निवासनं पाय लावून मोडलं
आणि दोन दिवस माझ्यासमोर आला नाही.
पाचवं, सहावं आठवतही नाहीत.
सातवं बसलं, पण फिरवलं की एका जागी अडायचं,
बोलता बोलता एखादा माणूस
एका नावापाशी अडतो तसं.

उपळेकर दर गुरुवारी यायचे, दोन बस बदलून,
केशवनगरच्या चढावर दम खात.
एकदाही "झालं का?" म्हणाले नाहीत.
तेहतीस वर्षं त्यांना कुणीतरी हेच विचारलं असणार.

आठवं.
किटली भरली. त्यांनी वाकवली, धार लागली.
मग झाकणाच्या भोकावर बोट.
धार थांबली पाहिजे, हीच परीक्षा.
थांबली.
मग एक थेंब पडला.
आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत राहिलो.
"चालेल," ते म्हणाले.
चालेल नका म्हणू, मी म्हटलं.
त्यांनी पुन्हा वाकवली, पुन्हा बोट, पुन्हा तो थेंब.
"पास," म्हणाले.

रंग जुळला नाही. आमची माती तांबडी, भाजणीही हलकी.
टिचकी मारली तर किटली खणकन बोलते,
झाकण ठप्प.
मुंढव्याचं आहे, लपवत नाही.
पिईल तेही. सतरा वर्षांत शिकेल.

पैसे किती? चाळीस कुल्हडांचे द्या, म्हटलं.
त्यांनी वहीत तेही लिहिलं.

किटलीच्या तळाला चार अक्षरांचा शिक्का आहे,
कुणाचं तरी नाव. उपळेकरांनाही वाचता येत नाही.
आम्ही कुठे नाव घालतो? कुल्हडावर कोण घालणार.
पण झाकण ओलं असताना आतल्या बाजूला
अंगठ्याचं नख टेकवलं होतं मी,
द्वितीयेच्या चंद्राएवढं.
त्यांना सांगितलं नाही.
वाफेला दिसेल.

निवास, बघ रे, टेम्पो आला का.