सरकारी मासे

सर्जेकोटच्या बंदरावर मी मासे वाटतो.
हसू नका. बायका आधीच हसून घेतात.
दुधाच्या पिशवीत पाणी, पाण्यात पंधरा-वीस गप्पी,
भाताच्या शितापेक्षा जरा मोठे,
आणि शेवंती आडकर सुरमईवरचा बर्फ सारत विचारते,
"ह्ये रे कसले मासे? सारात घातले तर गावाचे नाय."

गावायचे नाहीतच, मावशी.
शोधायचं काम त्यांचं आहे.
तुझ्या दारामागच्या हौदात, जिथं बॅटरीच्या उजेडात
बघ, स्वल्पविरामांसारखं काहीतरी वळवळतंय.
अजून वाक्य सुरूच आहे.

मी जतकडचा. आमच्यात टँकर आठव्या दिवशी.
पाणी सांडलं तर आई हात उचलत नसे, नुसती बघत असे.
तोंड धुतलेलं पाणी शेवग्याला,
शेवग्याखालची ओल शेळीला.
आणि इथे मला पगार मिळतो तो पाणी ओतून देण्याचा.
करवंट्या पालथ्या घालतो,
फुटक्या घमेल्यातलं, फ्रिजमागच्या ट्रेमधलं,
थर्माकोलच्या खोक्यातलं, तुळशीखालच्या ताटलीतलं.
दर वेळी मनगट क्षणभर अडतं.
त्याचा रकाना माझ्या वहीत नाही.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या.
कडेचे टायर मात्र लटकतच राहिले,
धक्क्याला घासू नये म्हणून बांधलेले, काळे.
प्रत्येकाच्या पोटात ओंजळभर गोडं पाणी.
मी तांडेलाला म्हटलं, भोकं पाडा.
"होडी लोटताना बघया," म्हणाला.
मी वहीत लिहिलं, भिंतीवर गेरूने तारीख टाकली,
आणि खोलीवर जाऊन भाकरी थापली.
लिहून झालं की काम झालं,
असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

धनबहादूर एकटाच मागे राहिला होता, होडी राखायला.
रात्री जागायचा, दिवसा झापांखाली झोपायचा.
हा डासही दिवसाचाच.
शनिवारी ताप. डोळ्यांच्या मागे दुखतं,
हे त्याने हिंदीत सांगितलं, मग बोटांनी दाखवलं.
कुणीतरी दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिलेली,
ती मी त्याच्या मुठीतून काढून घेतली.
पॅरासिटामॉल, शहाळं, मच्छरदाणी, रक्ताची बाटली तालुक्याला.
चौथ्या दिवशी ताप उतरला.
सुटला, म्हणाले सगळे.
मला ताप उतरण्याचीच भीती असते.
संध्याकाळी पोटात कळ, हिरडीवर लाल रेघ.
रिक्षा, ओरोस, तेवीस हजार प्लेटलेट.
रिक्षाचं भाडं शेवंतीने दिलं.
त्याचा मोबाइलही तिनेच चार्जिंगला लावला,
नेपाळातून आईचा फोन आला तर उचलायला.
आला. तिने उचलला.
दोघी काय बोलल्या कोण जाणे,
एकीला दुसरीची भाषा येत नव्हती.

नवव्या दिवशी तो परत आला, गळ्याची हाडं दिसत होती.
कुणाला काही न विचारता
चुलीत सळई लाल केली
आणि एकेका टायरला खालून भोक पाडत गेला.
जळक्या रबराचा वास वाडीभर.
तांडेल गप्प उभा होता. मग त्यानेच दुसरी सळई आणली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवंतीची हाक,
"अरे, तुझे मासे इयाले! जुवाटकरणीक धा दिलंय."

त्या रात्री आईला फोन केला.
म्हटलं, आठवड्यातून एकदा बॅरल रिकामा कर,
घासून, पुसून, कोरडा.
"पाणी वतून देऊ? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"
मी बराच वेळ बोललो नाही.
मग म्हटलं, नको. फडकं बांध, दुहेरी, दोरीने आवळून.
"तिकडं पाऊस हाय का?"
थोडा थोडा, म्हणालो.
पागोळ्या रात्रभर ओतत होत्या.