ताशी एक लिटर

तीस वर्षं दर रविवारी
व्लास्तिमिलनं बादल्या वाहिल्या.
न्हाणीघर ते मासे, चौदा पावलं.
मी नळाशी उभी, बोट धारेत,
हवं तेवढं कोमट झालं की बादली लावायची
आणि काठाशी आली की ओरडायचं: भरली!
त्यानं यायचं, उचलायचं,
लाकडी फरशीवर सांडायचं
आणि सांडलं नाही म्हणायचं.

यंदा कंबरेनं नकार दिला.
डॉक्टरबाईंनी बादलीचं नावसुद्धा काढू नका म्हटलं.

मग ओस्त्रावातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर
खोक्यातून नळ्या आल्या, पेन्सिलीहून बारीक,
द्राक्षाच्या वेलींना लावतात तसली थेंबाची तोटी,
आणि क्लोरीन शोषणारी कोळशाची गाळणी.
गाळणी हातात घेऊन तो बराच वेळ हसला.
जन्मभर कोळशातलं पाणी उपसलं, म्हणाला,
आता कोळशातूनच आत सोडायचं.

भोक पाडायचा दिवस.
एंजल मासे पिंपात,
पिंपावर माझा केक भाजायचा पत्रा,
एक आतून सारखा धडका देणारा.
त्याच्या हातात ड्रिल,
माझ्या हातात फुलझाडांची झारी:
काच तापू नये म्हणून
पात्यावर धार धरायची, हलायचं नाही, बोलायचं नाही.

बावीस वर्षं तो पाळण्यातून खाली गेला,
आठशे मीटर,
आणि वर आला तो धुतलेला,
पापण्यांच्या कडेला काळी रेघ तेवढी राहिलेली.
पंपाशी तो कसा उभा राहायचा,
मला कुणी दाखवलं नव्हतं.
त्या दुपारी दिसलं.
खालचा ओठ दातांत, कान मशीनकडे,
घरात असूनही घरात नसलेला चेहरा.
मी बघत राहिले, धार चुकली,
तो ओरडला, पाणी!
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ओरडला, मी धावले.

काच तडकली नाही.
रुपयाएवढी गोल चकती निघाली,
ती खिडकीत आहे, उन्हात हिरवी दिसते.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
हे साचत नाही.
वरून जेवढं येतं, तेवढंच भोकातून
न्हाणीघराच्या मोरीत जातं.
दिवसाला चोवीस लिटर, टाकीच्या दहावा हिस्सा.
म्हणजे दहा दिवसांत सगळं नवं, मी म्हटलं.
नाही, म्हणाला, नव्यातलंही थोडं रोज जातं ना,
म्हणून जुन्यातलं थोडं उरतंच.
महिन्यानं उरतं, वर्षानं उरतं,
मोजता येणार नाही इतकं, पण उरतं.
मासे पहिल्यांदा आणले त्या दिवसाचं?
त्यावर त्यानं उत्तर दिलं नाही,
गाळणीची तारीख कॅलेंडरवर लिहीत बसला.

रविवारी मी न्हाणीघरात गेले,
नळ सोडला, बोट धरलं.
कोमट झालं.
मग काय, मोजे धुतले.

त्याच्या खाणीतले पंप केव्हाच बंद झाले.
पाणी आता आपलं आपण चढतंय,
बोगद्यामागून बोगदा,
त्याचा हिशेब कुणी त्याला विचारत नाही.
रात्री तीनला तो उठून बसतो,
अंधारात मान तिरकी.

पडतंय ना?

पडतंय. झोप.