धुराडी मोजताना

ग्रंथालयातला खिडकीजवळचा कॉम्प्युटर
तासाभराने आपोआप बंद होतो.
मी ओडील डेगल, सरपण-पेढीची चिटणीस,
गेल्या मार्चपासून, म्हणजे मोरिस गेल्यापासून, खजिनदारही.
फॉर्म विचारतो: संस्थेचे ध्येय, पाचशे अक्षरांत.
मोकळ्या जागाही अक्षरांत धरतात.

ज्यांना लाकूड फोडणं झेपत नाही
त्यांना फोडलेलं लाकूड द्यायचं.
एवढंच आहे. उरलेल्या जागेत काय घालू?
मी लिहिलं: मेपल, बर्च, वर्षभर वाळवलेलं,
कारण ओलं लाकूड धूर देतं, ऊब देत नाही,
आणि धुराड्यात काजळी धरून
एखाद्या रात्री घरच पेटवतं.
मग खोडलं. हे ध्येय नव्हे, हे नुसतं लाकूड झालं.

मागणी: चार हजार आठशे डॉलर.
कशासाठी: ओंडके फोडायचं यंत्र,
कारण व्हर्न हॅस्केलचा खांदा कामातून गेला
आणि शाळेतली मुलं फुटबॉलचा मोसम संपल्याशिवाय फिरकत नाहीत.
आली की पिझ्झा लागतो.
तो 'इतर खर्च' या ओळीत.

पैसा बटाट्याच्या गोदामवाल्याचा,
मरताना गावासाठी ठेवून गेलेला.
त्याचा काटा नेहमी त्याच्याच बाजूला झुकायचा
असं माझे वडील म्हणत, पोती उतरवून आल्यावर,
पाठ शेकत.
आता बघू, कुठे झुकतो.

लाभार्थींची संख्या.
एकाच व्यक्तीला दोनदा मोजू नये.
इथे माझं घोडं अडतं.
आमच्याकडे यादी नाही, कारण मागायला कुणी येत नाही.
पोस्टातली रोएना हळूच सांगते,
अमक्याच्या अंगणातली रास तळाला गेलीय.
अंधार पडल्यावर ट्रकचे दिवे मालवून
आम्ही लाकडं रचून येतो, वर ताडपत्री.
दुसऱ्या दिवशी तो माणूस दुकानात भेटतो
आणि हवेबद्दल बोलतो. आम्हीही हवेबद्दलच बोलतो.
झाकली मूठ.
फॉर्म म्हणतो, उघडा,
बोटं मोजायचीत.

एकतीस, असं लिहिलं. अंदाजे, असंही लिहिलं.
अंदाजे चालत नाही, चौकट फक्त आकडा घेते.

परिणाम कसा मोजणार?
हे मात्र मला येतं.
जानेवारीत, थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते तेव्हा,
मी सकाळी सहाला गाडी काढते
आणि नदीच्या रस्त्याने धुराडी मोजत जाते.
धूर सरळ वर चाललेला असला
की आत विस्तव जागा आहे.
धूर नसेल तिथे उतरते, दार वाजवते.
गेल्या हिवाळ्यात दोनदा वाजवलं.
एकदा उघडलं.

हे ठेवावं की खोडावं, कळेना. ठेवलं.

शेवटचा प्रश्न:
संचालक मंडळावरील कुणाला या कामातून
व्यक्तिगत लाभ होतो का? हो. नाही.
बोट 'नाही'वर गेलंच होतं.

मोरिसला पुरलं त्या आठवड्यात पुन्हा बर्फ पडला.
मागच्या दारी सकाळी ताडपत्री.
खाली बर्च, सगळा एका मापाचा, माझी शेगडी
आखूड तोंडाची आहे हे माहीत असलेल्या कुणीतरी कापलेला.
दोरीला उलटी गाठ, डावखुऱ्याची.
आमच्यात डावखुरा एकच.
त्या रविवारी चर्चबाहेर मी व्हर्नला म्हटलं,
यंदा थंडी लांबली.
तो म्हणाला, लांबली खरी.

'हो'.
लाल अक्षरं उमटली: कृपया स्पष्टीकरण द्या.
अडीचशे अक्षरं.
मी लिहिते, पुसते. 'गाठ' हा शब्द लिहिते, पुसते.
कोपऱ्यात घड्याळ दाखवतं, चार मिनिटं उरली.

मर्ना टेबलामागून उठते,
माझ्या खांद्यावरून हात घालून
दोन कळा दाबते. चार मिनिटांची चौसष्ट होतात.
पडद्याकडे ती बघत नाही.
खिडकीबाहेर बघते आणि म्हणते,
रात्री वारा फिरणार म्हणतात.