सी ओळ

काल संध्याकाळी पानांच्या चकत्या पाडल्या,
खोलाच्या मिरचीच्या, बटणाएवढ्या,
आणि रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवल्या.
माझी कात्री विसरायला एवढा वेळ लागतोच.
घाव ताजा असला की पान कशालाही ओरडतं,
असं कुंकळयेकर सर म्हणतात.

सकाळी जुन्या गोव्याला कदंबातून उतरले.
बर्फात कुपी. तिच्यात तपकिरी एन्झाइम,
कुठल्या थंड देशातल्या तिखट मुळ्याचं.
तिकडे तो मुळा जेवणावर किसतात म्हणे.
इथे तो दुभाषा:
पान चिडून जे जळजळीत सोडतं
त्याचा उजेड करतो.

मग जंतूच्या शेपटीचा तुकडा.
जंतू नव्हे, नुसती चाहूल.
यंत्राचं दार लावलं.

दोन मिनिटं काही नाही.
मग आकडे चढले, बाराव्या मिनिटाला शेंड्यावर,
मग दमत दमत खाली.
हा उजेड डोळ्यांना दिसत नाही.
यंत्र म्हणतं, म्हणून आहे.

सी ओळीतली आठ पानं आमच्या डोंगरावरची,
आईने ओल्या फडक्यात बांधून
बसवाल्याकडे दिलेली.
सी ओळ सपाट. नुसत्या पाण्यासारखी.

एन्झाइम घालायला विसरले का मी?
वहीत खूण आहे. पिपेटचं टोक ओलं आहे.
घातलंय.

दुपारी फोन:
"सुलक्षा, पान कितें म्हणटा गो?"

काही म्हणत नाही, हे कसं सांगू.
म्हटलं, उद्या परत विचारते.
उरलेलं एक पान फडक्यातून काढलं,
चकत्या पाडल्या,
पाण्यावर सोडून दिवा मालवला.