किल्लीची नोंद

भोसरीत, जे ब्लॉकमधल्या एका शेडमध्ये
मी अकरा वर्षं टाइमकीपर होतो.
खुर्चीमागच्या खिळ्याला दोन किल्ल्या :
एक फायर-पंपाची,
एक लेडीज टॉयलेटची.

पुरुषांचं उघडंच असायचं.
त्याला कुलूप लावावं
असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

बायका यायच्या, रजिस्टरात लिहायच्या :
नाव, वेळ, कारण.
'कारण' हा रकाना मीच आखलेला, लाल पेनानं, पट्टी धरून.
सुलक्षणा गायधने तिथं नुसती आडवी रेघ मारायची.
बाकीच्या सुट्टी होईपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत.
मला वाटायचं, काटक आहेत.

सुलक्षणा कागदावर हेल्पर.
वायरकट मशिन चालवायची तीच;
ऑपरेटर म्हणून सही करणारा पोपळघट
बहुतेक वेळ टपरीवर.
दोघांच्या पगारात साडेपाच हजारांचा फरक.
तो मीच टाइप करायचो, दर सात तारखेला.

गुरुवारची सुट्टी झाली, आणि शुक्रवारी
किल्ली मागायला कुणी आलंच नाही.
उठून पाहिलं तर
बायकांच्या डब्यांच्या रॅकला, उघड्यावर,
सात किल्ल्या लटकलेल्या,
भंगारातल्या पट्टीतून कापलेल्या,
कडांवर अंगठा फिरवला तरी टोचू नये अशा.
रोज रेघ मारताना
ती बोटांनी माप घेत असणार.

साहेबांनी एक मायक्रोमीटरमध्ये धरली.
मग दुसरी. मग सातही.
फरक पाच मायक्रॉनच्या आत.
म्हणाले, "पोपळघटला बोलवा. हात आहे त्याचा."
पोपळघटनं किल्लीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.
"मला नाही येत एवढं," म्हणाला.
त्याचं हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मेमो काढायचा, तर लिहायचं काय?
हेल्परला मशिनला हात लावायची परवानगीच नव्हती,
आणि तीन वर्षांचा माल
त्याच हातांनी कापलेला.

मेमो निघाला नाही.
ग्रेड लगेच बदलली असंही नाही;
त्यात एक दिवाळी गेली
आणि शिवाजीनगरला लेबर ऑफिसात पाच खेटे.

मी काय केलं?
रजिस्टर मिटलं. एवढंच.
तेही कुणी विचारलं नाही म्हणून.

माझी मुलगी औंधला आयटीआयला आहे, फिटर ट्रेडला.
परवा विचारलं, "तिथं कुलूप असतं का गं?"
"कशाला?" म्हणाली.
मला पुढचं बोलता येईना.
तिची बाटली काठोकाठ भरून दिली.
म्हणालो, पाणी पीत जा.